व्रताला वैद्याचा दाखला कशाला?

थंडी सुरू झाली की कुकटपल्लीच्या रैतू बाजारात चिक्कुडुकायेचे ढीग लागतात. मराठी गिऱ्हाईक त्याच शेंगेला घेवडा, वाल, पावटा अशा आपापल्या गावच्या नावाने ओळखते. केपीएचबी कॉलनीतल्या तेलुगू घरांत माघातल्या रथसप्तमीला याच शेंगांना काड्या खोचून छोटा रथ करतात आणि सूर्याचा नैवेद्य चिक्कुडूच्या पानांवर वाढतात. त्याच इमारतीत नांदेड, लातूर, सोलापूरकडून येऊन राहिलेले एखादे चातुर्मास पाळणारे मराठी घर असेल, तर तिथे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत पावटा चुलीवर चढत नाही. एकाच जातीच्या वेलाची शेंग एका दारी देवाचे वाहन होते आणि शेजारच्या दारी चार महिने निषिद्ध ठरते. असे का, म्हणून विचारले की हल्ली एक उत्तर हमखास मिळते. पावसाळ्यात पावटे बाधतात, पूर्वजांना हे विज्ञान ठाऊक होते, आणि लोकांनी ऐकावे म्हणून त्यांनी ते धर्माच्या भाषेत सांगितले, असे ते उत्तर. ऐकायला ते समंजस वाटते. त्यात धर्माचा मान राहतो आणि विज्ञानाचाही. माझे म्हणणे असे, की हे उत्तर इतिहास म्हणून टिकत नाही आणि धर्मविचार म्हणून तर ते व्रताचा पायाच काढून घेते.

तरी आधी त्या उत्तराच्या बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम पुरावा पुढे घ्यायला हवा, आणि तो आपल्याकडचा नाही. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात दक्षिण इटलीतल्या क्रोटोन या ग्रीक वसाहतीत पायथागोरसने आपला संप्रदाय स्थापला. बाकला, म्हणजे इंग्रजीत ज्याला फावा बीन म्हणतात तो, खायचा नाही, हा त्या संप्रदायाचा प्रसिद्ध नियम. शत्रू पाठीमागे लागले असताना बाकल्याचे शेत तुडवण्यापेक्षा तो शेताच्या कडेला थांबला आणि मारला गेला, अशी आख्यायिका डायोजेनिस लाएर्शियसने नोंदवली आहे. आता विसाव्या शतकातले वैद्यक पाहा. बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही द्रव्ये असतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून जे पदार्थ तयार होतात, त्यांच्या माऱ्यापासून तांबड्या रक्तपेशींना वाचवण्याच्या कामी जी-सिक्स-पीडी नावाचे विकर लागते. ज्यांच्या शरीरात जन्मतःच हे विकर कमी असते त्यांच्या पेशी फुटतात, आणि एकदोन दिवसांत रोगी फिकट पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळपट होते. या विकराची उणीव 1956 मध्ये हिवतापावरच्या प्रायमाक्वीन या औषधाचा अभ्यास करताना उलगडली. जगात सुमारे चाळीस कोटी लोकांत ती असावी असा अंदाज नेहमी दिला जातो, आणि भूमध्य सागराच्या काठी ती बरीच आढळते. दोन टोके जोडायचा मोह कोणालाही होईल. पायथागोरसला हा आजार दिसला असणार आणि त्याचे नाव न घेता त्याने बंदी घातली असणार, असे अनेकांनी लिहिलेही आहे. निषेधाच्या पोटात वैद्यक दडलेले असते या मताला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

पण साक्षी तपासल्या की हे उदाहरण डळमळते. प्राचीन लेखकांनी या निषेधाची कारणे भरपूर दिली आहेत. अॅरिस्टॉटलच्या नावावर सांगितलेल्या कारणांत बाकल्याचा दाणा जननेंद्रियासारखा दिसतो, त्याच्या देठाला पेर नसल्यामुळे तो पाताळाच्या दारासारखा आहे, अशी कारणे येतात. सिसेरो म्हणतो की बाकल्याने पोट फुगते आणि मनाची शांती ढळते. खाऊन कोणी पिवळा पडला किंवा मेला, असे मात्र या यादीत नाही. अॅरिस्टॉक्सेनसने तर पायथागोरसला बाकला फार आवडे असे उलटेच लिहून ठेवले आहे. इतरत्रही बाकला सतत मृत्यूशी जोडलेला दिसतो. रोममध्ये ज्युपिटर देवाच्या मुख्य पुरोहिताला बाकल्याला शिवणेच काय, त्याचे नाव घेणेही वर्ज्य होते, आणि मे महिन्यातल्या लेमुरिया सणाला कुटुंबप्रमुख मध्यरात्री पितरांच्या अतृप्त छायांना काळे दाणे टाकून घराबाहेर घालवत असे. हेरोडोटस सांगतो की इजिप्तच्या पुरोहितांना बाकला डोळ्यांसमोरही चालत नसे. आज त्याच इजिप्तमध्ये रात्रभर मंद आचेवर शिजवलेला बाकला, म्हणजे 'फूल' नावाचा पदार्थ, हे रोजचे अन्न आहे, आणि कॉप्टिक ख्रिस्ती लोक मांस, दूध, अंडी सोडलेल्या दीर्घ उपवासांत त्यावरच निभावतात. भूमी एकच, दाणा एकच. एका धर्मात तो पुरोहिताला अपवित्र आणि दुसऱ्यात उपवासाचा आधार. सार्डिनिया बेटावर या विकराची उणीव पुष्कळ लोकांत आहे, तरीही तिथे बाकला परंपरेने आवडीने खाल्ला जातो. आजारातूनच निषेध जन्मत असता, तर आजार जिथे दाट आहे तिथे निषेधही दाट असायला हवा होता. तसे दिसत नाही.

आता आपल्या घरात येऊ. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, 1790 च्या सुमारास 'धर्मसिंधु' हा ग्रंथ पुरा केला, आणि महाराष्ट्रात आचाराचा प्रश्न आला की पुढच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याचाच आधार घेत आल्या. चातुर्मासात काय वर्ज्य, याच्या अशा धर्मग्रंथांतल्या जुन्या याद्यांत निष्पाव म्हणजे पावटे, राजमाष म्हणजे चवळी, मसूर आणि वांगे ही नावे येतात. आयुर्वेदाकडे बोट दाखवणाऱ्यांचा मुद्दा इथे हलका समजू नये. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद होतो असे आयुर्वेद मानतो, आणि पावट्याला तो जड व वात वाढवणारा म्हणतो. दोन वाक्ये जोडली की निषेध सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण हाच गज यादीतल्या पुढच्या नावाला लावून पाहा. मसूर आयुर्वेदाच्या मते पचायला हलकी, तरी ती वर्ज्य. उडीद जड, तरी भाद्रपदातल्या पितृपक्षात पानावर उडदाचे वडे हवेतच. भुईमूग वनस्पतिशास्त्राने शेंगवर्गातला, अमेरिकेतून आलेला आणि पचायला मुळीच हलका नसलेला, तो एकादशीच्या साबुदाण्यात निर्धास्त पडतो. जडपणाच्या मोजपट्टीने ही यादी लावू गेले तर ती पानोपानी चुकते.

त्याहून मोठी अडचण कोकणातून येते. पाऊस सर्वांत जोराचा तिथे, म्हणजे अग्निमांद्याचा युक्तिवाद सर्वांत जास्त लागू पडायला हवा तोही तिथेच. आणि तिथल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत श्रावणी सोमवारचा उपास सोडताना पानात वालाचे बिरडे लागते. ऐन चातुर्मासात, ऐन पावसात, देवाला दाखवून. ग्रंथाने वर्ज्य म्हटलेले कडधान्य त्याच महिन्यांत व्रताच्या पानावर मानाने बसलेले आहे, आणि ते वाढणाऱ्यांची श्रद्धा कोणाहून उणी नाही. यावर कोणी म्हणेल की बिरड्याचे वाल सोललेले असतात, मोड आणलेले असतात, म्हणून ते बाधत नाहीत. हे अगदी खरे आहे. पण मग न बाधण्याची किल्ली मोड आणण्यात आणि सोलण्यात आहे, हे मान्य झाले. निषेध करणाऱ्या ग्रंथाने सोललेला आणि न सोललेला असा भेद केलेला नाही. आरोग्य हे कारण असते, तर तो भेद पहिल्याच ओळीत आला असता.

शेंगवर्गातले जे कडधान्य आपल्या मुलखात खरोखर घात करते, त्याची कथा तर हा वाद मिटवूनच टाकते. विदर्भात लाख किंवा लाखोळी म्हणतात ती खेसारी डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून पोटात गेली की पाय लुळे पडतात, आणि गेलेली ताकद परत येत नाही. दुष्काळात दुसरे काही पिकत नाही तेव्हा हेच पीक तगते, म्हणून गरिबाच्या पानात तेच जास्त पडते. त्यातले मज्जातंतूंना मारणारे द्रव्य 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच ओळखले. राष्ट्रीय पोषण संस्था 1958 मध्ये कुन्नूरहून हैदराबादेत आली. कुकटपल्लीहून शहराच्या दुसऱ्या अंगाला, तार्नाक्याला असलेल्या या संस्थेने या डाळीवर दीर्घकाळ काम केले आणि गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकले की विषाचा बराच भाग निघून जातो, हे लोकांना सांगितले. तिच्या विक्रीवर बंदी आली ती 1961 मध्ये, अन्नभेसळीच्या कायद्याखाली. म्हणजे ज्या डाळीने माणसे पांगळी केली तिच्यावर बंदी घातली सरकारने, आणि जो पावटा नीट शिजवला तर निरुपद्रवी आहे त्याच्यावर बंदी धर्माने. निषेधांच्या याद्या करणाऱ्यांना वैद्यकीय हेतू असता आणि अनुभवाचा साठा त्यांच्यापाशी असता, तर लाखोळी यादीत सर्वांत वर असती. पावट्याच्या आणि वांग्याच्या मागे ती कुठेच उभी नाही.

मग पूर्वजांना काहीच कळत नव्हते का? कळत होते, आणि पुष्कळ कळत होते. फक्त ते ज्ञान आपण चुकीच्या फडताळात शोधतो आहोत. कच्च्या वालात सायनाइड देणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, आणि पचनात अडथळा आणणारी प्रथिनेही असतात. यावरचा उपाय व्रतकोशात नाही, तो स्वयंपाकाच्या रीतीत आहे. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, ते कडसर पाणी फेकायचे, दाणे ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा, आणि मग हिंग-हळदीच्या फोडणीवर नारळ, आमसूल, गूळ घालून पूर्ण शिजू द्यायचा. डाळिंब्या मोडू नयेत म्हणून ढवळायचे जपून, पण दाणा मऊ झाल्याशिवाय उतरवायच्या नाहीत. यातली प्रत्येक पायरी काही तरी अपायकारक कमी करते. ही रीत ज्यांनी बसवली त्या बायकांनी तिच्यासाठी कोणत्याही पुराणाचा दाखला मागितला नाही, कारण पोट दुखते की नाही ही कसोटी त्यांना पुरेशी होती. आरोग्याच्या ज्ञानाला धर्माचा मुखवटा लागतो हे गृहीतच यातून कोसळते. लोक अडाणी होते म्हणून त्यांना पुण्याची लालूच दाखवावी लागली, असे मानणे म्हणजे त्याच लोकांनी निव्वळ निरीक्षणाने घडवलेल्या या शास्त्राचा अपमान करणे आहे.

तर मग चातुर्मासातला निषेध काय करतो? तो आपल्याच तोंडाने हे सांगतो. पाहायचे ते त्याच्या शेवटाकडे. पुष्कळ मराठी घरांत वांगे आणि कांदा परत येतात मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने. पौषात भोगीच्या मिसळीच्या भाजीत वांगे, गाजर, ओला हरभरा यांच्याबरोबर पावटे घातले नाहीत तर भाजी पुरी होत नाही. रायगडात त्याच सुमारास भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून पोपटी लावतात. म्हणजे हा निषेध पदार्थावर नाही, काळावर आहे. जो पदार्थ अशुद्ध असतो तो सणाने शुद्ध होत नाही. इथे तर चार महिने दूर ठेवलेल्या गोष्टीला देवाच्या पानातूनच परत आणले जाते. दुसरी खूण दानाची. चातुर्मासात जे सोडले ते व्रत संपताना दान करावे, असे धर्मग्रंथ सांगतात. बाधक म्हणून सोडलेली वस्तू दुसऱ्याच्या ओंजळीत घालणे याला दान कोण म्हणेल? काशीयात्रेत एखादी आवडती भाजी किंवा फळ सोडायची चाल आहे, त्यात 'आवडती' हीच अट महत्त्वाची. तिसरी खूण माध्व संप्रदायाच्या चातुर्मासाची, जो हैदराबादेतली अनेक देशस्थ घरे आजही पाळतात. पहिल्या महिन्यात भाज्या, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल म्हणजे डाळी सोडायच्या. जड डाळी सोडायच्या त्या पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, आणि धो-धो पावसात त्या चालतात. वैद्याने हा क्रम लावलेला नाही. तो लावला आहे अशा कोणी, ज्याला माणसाच्या सवयी एकेक करून हातातून सोडवायच्या होत्या.

हा माझा आधुनिक शोध नाही, आपल्या शास्त्रकारांनी याची चर्चा फार आधी केली आहे. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, प्रश्न असा पडला, की स्मृतीतल्या ज्या आज्ञेला वेदात आधार सापडत नाही ती प्रमाण मानायची का? उत्तर असे, की एरवी मानायची, तिचा वैदिक आधार लुप्त झाला असेल असे अनुमान करायचे. मात्र जिथे उघड लौकिक हेतू दिसतो तिथे त्या अनुमानाची गरजच उरत नाही. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांचे उदाहरण बोचरे आहे. यज्ञातले विशिष्ट वस्त्र अध्वर्यूला मिळावे, या वचनाच्या मुळाशी लोभ दिसतो, म्हणून ते धर्माचे प्रमाण नाही. कुमारिल भट्टांनी तर सरळ वाटणीच केली. धर्म आणि मोक्ष यांच्याविषयी स्मृती जे सांगतात त्याचे मूळ वेदात, आणि अर्थ व सुख यांच्याविषयी सांगतात त्याचे मूळ लोकव्यवहारात. म्हणजे आज आपण ज्याला धर्माचा विजय समजतो, की पाहा नियमामागे आरोग्य निघाले, त्यालाच मीमांसक म्हणाले असते की मग हा नियम धर्माच्या खात्यातून काढा आणि वैद्यकाच्या खात्यात जमा करा.

इथे मीमांसा जाणणारा वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावेच. दृष्ट म्हणजे दिसणारे आणि अदृष्ट म्हणजे न दिसणारे फळ एकत्र नांदू शकतात, हेही मीमांसेनेच सांगितले आहे. यज्ञासाठी साळी कांडाव्यात अशी आज्ञा आहे. कांडण्याचे फळ डोळ्यांना दिसते, कोंडा निघतो. तरी ती आज्ञा वाया जात नाही, कारण कोंडा नखांनीही काढता आला असता, पण कांडूनच काढायचा हा नियम झाला आणि त्या नियमाचे अदृष्ट फळ वेगळे मानले गेले. तसेच चातुर्मासाचेही असेल, आरोग्यही आणि पुण्यही, असे कोणी म्हणेल. या युक्तिवादाला माझा विरोध नाही. उलट तो माझीच बाजू नेमकी करतो. कांडण्यातले धर्मतत्त्व कोंडा निघण्यात नाही, ते इतर मार्ग मोकळे असताना एकच मार्ग स्वतःवर बांधून घेण्यात आहे. उपयोग जिथे संपतो तिथून पुढे जे उरते ते व्रत. पावटा सोडल्याने एखाद्याचे पोट हलके राहत असेल तर राहो. तो कोंडा झाला. त्या हलक्या पोटाला व्रताचे कारण म्हणणे म्हणजे कोंड्यालाच नैवेद्य समजणे.

हा फरक एका घरात, एका प्रसंगी, एकाच डाळीवर कसा उमटतो, हे गांधींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये सांगितले आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना रक्तस्राव पुन्हा सुरू झाला होता. मीठ आणि डाळी सोड, असे गांधींनी त्यांना परोपरीने सांगितले. त्या ऐकेनात. शेवटी म्हणाल्या की हे सोडायला कोणी तुम्हाला सांगितले तर तुम्हीही सोडणार नाही. गांधींनी तत्क्षणी दोन्ही वर्षभरासाठी सोडल्याचे जाहीर केले. कस्तुरबा कळवळून म्हणाल्या की मी सोडते, पण तुम्ही तुमचा शब्द मागे घ्या. त्यांनी घेतला नाही. कस्तुरबांनी डाळ सोडली ती औषध म्हणून, गांधींनी सोडली ते व्रत म्हणून. त्यांना कोणताही आजार नव्हता, म्हणूनच ते व्रत झाले. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले आहे की वैद्यकाच्या दृष्टीने मीठ-डाळींबद्दल दोन मते असतील, संयमाच्या दृष्टीने मात्र त्या सोडण्याचे भले याविषयी त्यांना शंका नव्हती. प्रकृतीवर प्रयोग करायची एवढी हौस असलेल्या माणसानेही दोन हिशेब वेगळे ठेवले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

यावर बुद्धिवादी मित्र विचारतील, की आरोग्याचा आधार काढून घेतला तर उरते काय? मनमानी. आज पावटा, उद्या पडवळ, काहीही. या आक्षेपातला अर्धा भाग मी मान्य करतो. पावट्यातच असे काही नाही की तोच सोडावा. रथसप्तमीचा चिक्कुडूचा रथ ते सिद्ध करतो. पण मनमानी आणि निरर्थक ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आठवड्याला सातच दिवस असावेत याला निसर्गात आधार नाही, तरी रविवारची सुटी खरी असते. व्रताचा अर्थ तीन ठिकाणी असतो. आवडीवर आपला हात चालतो की नाही हे तपासण्यात, वर्षाच्या सपाट दिवसांना चढउतार देण्यात, आणि आपल्याआधी ज्यांनी हेच सोडले त्यांच्याशी नाते सांगण्यात. यातल्या एकाही गोष्टीला पावटा विषारी असण्याची गरज नाही. उलट तो चविष्ट आणि पौष्टिक असेल तरच सोडण्याला वजन येते. ज्याला हे तीनही अर्थ नको असतील त्याने व्रत करू नये, आणि न करण्यात पाप नाही, कारण अशी पुष्कळ व्रते संकल्पाने सुरू होतात आणि संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. लोक विज्ञानाच्या नावाने का होईना नियम पाळतात, त्यात कोणाचे काय बिघडले? तीन गोष्टी बिघडतात. पहिली, व्रत उसन्या पायावर उभे राहते. उद्या एखाद्या संशोधनाने पावसाळ्यात पावटे उत्तम असे सांगितले की ते पडते, आणि पाळणाऱ्याजवळ स्वतःचे कारण उरत नाही. दुसरी, माझे व्रत माझ्यापुरते राहत नाही. मी श्रद्धेने पावटा सोडला तर शेजाऱ्याच्या पानाविषयी मला काही म्हणायचे नसते. पण मी 'शास्त्रीय' कारणाने सोडला, तर जो खातो तो अडाणी ठरतो. कुकटपल्लीसारख्या वस्तीत, जिथे एका जिन्यावर तेलुगू, मराठी, कन्नड, मारवाडी, मुसलमान घरांची फोडणी एकमेकांच्या दारात जाते, तिथे हा सूर फार लवकर दुसऱ्याच्या ताटात बोट घालू लागतो. आणि डाळ-कडधान्य हेच ज्याचे प्रथिन आहे, पनीर आणि सुका मेवा ज्याला परवडत नाही, त्याला विज्ञानाच्या नावाने चार महिने कडधान्य टाळायला सांगणे तर सरळ अन्यायाचे आहे.

तिसरी बिघाडाची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. वैद्यकाचे खरे निषेध यामुळे स्वस्त होतात. जी-सिक्स-पीडीची उणीव भारतातही आहे. मुंबईच्या पारशी समाजात तिचा अभ्यास साठच्या दशकातच झाला. ती एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने मुलग्यांत जास्त दिसते. मराठी स्वयंपाकघराला बाकला परका आहे, पण आखातातून येणारे फूलचे डबे, अरबी पद्धतीचे फलाफल, बाकल्याचे पीठ घातलेले तयार पदार्थ आता हैदराबादेत सहज पोहोचतात. ज्या मुलाच्या रक्तचाचणीत ही उणीव दिसली त्याला बाकला कायमचा बंद, आणि काही औषधेही. ही बंदी सणाला शिथिल होत नाही, पाहुण्याच्या आग्रहाने शिथिल होत नाही, आणि भिजवून सोलल्यानेही तिच्यातून सुटका नाही, कारण बाकल्यातली ती द्रव्ये शिजवल्याने पुरती जात नाहीत. वैद्याच्या निषेधाला चंपाषष्ठी नसते. ज्या घराने सगळेच निषेध एका टोपलीत टाकले आहेत, जिथे व्रतही आरोग्यासाठी आणि पथ्यही धर्मासारखे, तिथे 'आज सणाचा दिवस, एवढ्याने काय होते' हे वाक्य दोन्हींना सारखेच लागू होते. व्रताच्या बाबतीत त्या वाक्याने फार तर संकल्प मोडतो. पथ्याच्या बाबतीत मूल रुग्णालयात पोहोचते.

म्हणून निकाल असा. पावटा बाधतो का, हा प्रश्न स्वयंपाकाच्या रीतीला आणि पोषणशास्त्राला विचारावा. तिथे त्याचे चांगले उत्तर मिळते, आणि ते म्हणजे भिजवा, मोड आणा, सोला, पूर्ण शिजवा आणि खुशाल खा. बाकला माझ्या मुलाला चालेल का, हा प्रश्न रक्तचाचणीला आणि डॉक्टरला विचारावा, आणि मिळालेले उत्तर बारा महिने पाळावे. चातुर्मासात पावटा सोडावा का, हा प्रश्न मात्र या दोघांपैकी कोणालाच विचारू नये. तो ज्याचा त्याने स्वतःला विचारावा, आणि सोडायचाच असेल तर हे जाणून सोडावा की तो चांगला आहे, रुचकर आहे, शेजारी तो सुखाने शिजतो आहे, आणि तरीही मी तो सोडतो आहे. ज्याला एवढे म्हणायचे धैर्य नसेल त्याने विज्ञानाचा आडोसा घेण्यापेक्षा वाटीभर उसळ खाल्लेली बरी.